वकीलसाहेब आले का?

महेबूब,

तुला माती देऊन आज नऊ दिवस झाले. तुझ्या पुतण्यांनी मला हाताला धरून पुढं नेलं, काका तुम्ही बी द्या म्हणाले, म्हणून तीन मुठी मीही टाकल्या. घरी आल्यावर तुझ्या वहिनीनं दारातच पाण्याचा तांब्या पुढं केला. हात धुतले, पण नखातली माती दोन दिवस निघाली नाही. मी काढलीही नाही.

आता मला तुझ्याशी भांडायचंय. नऊ दिवसांमागं गेलेल्या माणसाशी भांडायला लाज वाटायला पाहिजे, पण वाटत नाही. तू मला फसवलंस. मी तुला फसवत होतो ते वेगळं, तेही सांगतो.

हे सगळं सुरू कसं झालं, आठवतंय का? तुझ्या गल्लीत ऊन येईना. दोन्ही बाजूंनी घरं वर चढत गेली आणि गाद्यांतला जुना कापूस पसरायला तुला जागाच उरली नाही. शाळेत एका बाकावर बसलेलो आपण, म्हणून हक्कानं आलास. दिग्या, तुझं खळं दिवाळीनंतर रिकामंच असतं, मला दे, म्हणालास. मी दिलं. कंधारातून लोह्याकडं निघालं की उजव्या हाताला आपलं शेत, रस्त्याला लागूनच खळं, खळ्याच्या कडेला लिंबाचं झाड आणि समोर बांधावर दगडांचा तो ढीग. आमच्या आजोबांपासून नांगराला लागलेला एकेक दगड उचलून तिथंच टाकलेला. आमच्या रानात पीक कमी आणि दगड जास्त, हे तू गावभर सांगायचास. त्या ढिगाशेजारी चादरी अंथरून तू कापूस पसरायचास, पिंजणीची तात टणटण वाजायची आणि तुझ्या भुवयांवर, मिशीवर कापूस बसायचा. चाळिशीतच म्हातारा दिसायचास.

पहिल्याच हिवाळ्यात ते पाखरू तुला दिसलं. माझ्याच शेतात असून मला कधी दिसलं नव्हतं. चिमणीएवढं. डोकं, पाठ, छाती काळी आणि खाली पोट, शेपूट भाजलेल्या विटेच्या रंगाचं. एका दगडावर बसायचं, कमरेतून वाकायचं, शेपूट थरथरवायचं, पुन्हा वाकायचं. तू पिंजण खाली ठेवलीस आणि म्हणालास, हे बघ, काळा कोट घालून जज्जापुढं वाकून राहिलंय. त्या दिवसापासून ते वकीलसाहेब झाले. पुढं हायस्कूलच्या एका सरांनी सांगितलं की ह्याला थिरथिरा म्हणतात, थंडीत लांब उत्तरेकडच्या डोंगरांतून येतो, दगडाधोंड्यांत राहतो, किडे खातो आणि होळीच्या मागंपुढं परत जातो. तू सगळं ऐकून घेतलंस आणि म्हणालास, असेल, पण कोट वकिलाचाच हाय.

लोकांच्या जुन्या गाद्या उसवल्या की त्यातून काय काय बाहेर पडायचं. ढेकूण, कसर, झुरळाची पिल्लं. तू गादी झटकली की साहेब ढिगावरून खाली, एक टिपला की परत दगडावर. फी घेऊन गेले, म्हणायचास. कंधारातल्या मोठ्या मोठ्या घरांचे ढेकूण त्यांच्या पोटात हायत, पण कुणाचं नाव फोडत न्हाईत, असं तू सांगितलंस तेव्हा तुझी वहिनी चहाचा पेला हातात धरून हसत बसली होती.

दुसऱ्या वर्षी दिवाळी तोंडावर आली आणि ते पुन्हा त्याच दगडावर. मधोमध चीर गेलेला तो पसरट दगड, तोंड लिंबाकडं. तू म्हणालास, तेच आलंय. मी म्हणालो, येडा का काय तू. एवढंसं पाखरू, वाटेत ससाणे, वादळं, आणि ते बरोबर माझ्याच बांधावर येऊन उतरतं व्हय? दुसरं असेल. सगळी सारखीच दिसतात. त्यावर तू जे बोललास ते मला अजून तोंडपाठ आहे.

"तुला गाद्या बी सगळ्या सारख्याच दिसत्यात. गादीला झोपणाऱ्या माणसाची जागा पडते, दिग्या. तशी त्या ढिगाला ह्याची जागा पडलीय. दुसरं तिथं बसणारच न्हाई."

सोळा हिवाळे आपण ही केस चालवली. मी पुरावा मागायचो, तू शपथा घ्यायचास. पाच-सहा वर्षांनी मी म्हणालो, असलं पाखरू जगतं किती, केव्हाच मेलं असेल. तू म्हणालास, मग ह्याचा पोरगा असेल, बापानं जागा दाखवून दिली. मी म्हणालो, सातबाऱ्यावर नाव लावून घे मग त्याचं. जायच्या आधी, होळीच्या सुमाराला, ते थोडं खरखरीत गायचं. तेव्हा तू मला गप्प बसवायचास, साहेबांचं शेवटचं भाषण चालू हाय म्हणायचास आणि निकाल पुढच्या दिवाळीवर टाकायचास. खरं सांगू का, मला निकाल नकोच होता. निकाल लागला असता तर आपण थंडीभर बोललो काय असतो?

एकदा मात्र मी फार बोललो. बसस्टँडसमोरच्या टपरीवर चार माणसांत तू हाच विषय काढलास आणि मी म्हणालो, हा पाचवीत दोनदा बसलेला माणूस, हा आता मला शास्त्र शिकवणार. सगळे हसले. तूही हसलास, बशीतला चहा संपवलास आणि उठून गेलास. त्या थंडीत खळ्यावर आला नाहीस. दिवाळी गेली, मार्गशीर्ष गेला. मी रोज जाऊन बसायचो. पाखरू असायचं, तू नसायचास. तुझ्या गल्लीपर्यंत दोनदा आलो आणि कोपऱ्यावरून परत फिरलो. चुकलं म्हणायची वेळ आली की माझी जीभ टाळूला चिकटते, हे तुझ्याइतकं कुणाला माहीत नव्हतं. शेवटी संक्रांतीला तूच दारात उभा. वहिनीच्या हातचा तिळगूळ घेतलास, माझ्याकडं न बघता तोंडात टाकलास आणि विचारलंस, "वकीलसाहेब आले का?" ते येऊन तीन महिने झाले होते. मी म्हणालो, आले की. झालं, भांडण मिटलं. दुसऱ्या दिवशी तू चादरी घेऊन खळ्यावर हजर.

मग तुझी छाती बिघडली. जन्मभर नाकातोंडात गेलेला कापूस शेवटी भोवलाच. दोन वर्षं पिंजण बंदच होती. गेल्या फाल्गुनात शबाना आली आणि तुला लातूरला घेऊन गेली. एकुलती एक लेक, आई तिची कधीच गेलेली, ती तरी दुसरं काय करणार. जाताना तू खळ्यापाशी गाडी थांबवायला लावलीस. साहेब अजून गेले नव्हते. काच खाली करून बराच वेळ बघितलंस आणि मला म्हणालास, लक्ष ठेव.

मी काय लक्ष ठेवलं ते ऐक आता. वैशाखात शेजारच्या रानात जेसीबी आला होता. लोकांना मी सांगतो की संतोषनं केलं, पोरगं ऐकत नाही. ते खोटं आहे. संतोष एवढंच म्हणाला होता की ट्रॅक्टर वळवायला ढिगाची अडचण होते. जेसीबीवाल्याला हाक मी मारली. नव्या गोठ्याचा पाया भरायचा होता, दगड पाहिजेच होते. तीन पिढ्यांनी उचलून टाकलेला ढीग, चहा व्हायच्या आत गेला. पाखराची आठवण झाली नाही असं नाही. झाली. मनात म्हणालो, बसेल कुठंही, सगळी सारखीच. एवढी वर्षं तुझ्याशी हुज्जत घालून मी तेवढंच शिकलो होतो.

आषाढात तू आठ दिवस घरी येऊन गेलास. मी रोज यायचो तुझ्याकडं. आज सांगू असं ठरवून यायचो आणि पेरणीचं, पावसाचं बोलून उठायचो. तूही ढिगाचं काही विचारलं नाहीस. मला वाटलं, आजारपणात विसरला, बरं झालं. तू परत गेल्यावर मी फोन करणंही टाळायला लागलो. तोंडच नव्हतं.

घटस्थापनेला शबानाचा फोन आला, अब्बांना बोलायचंय म्हणाली. तुझा आवाज इतका बारीक झाला होता की मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"वकीलसाहेब आले का?"

"आले की. सकाळीच आले."

"कुठं बसले?"

"कुठं म्हंजे? त्यांच्या जाग्यावर."

श्वास तेवढा ऐकू येत होता. मग म्हणालास, बरं झालं.

ती थाप मारली आणि मला एकदम मोकळं वाटलं, हे तुला कबूल करतो. इतके महिने बोलता येत नव्हतं, ते आता येत होतं. दुसऱ्या दिवशी धारा काढायच्या वेळेला मीच फोन केला. मग रोजच. तू तेच विचारायचास आणि मी रचून सांगायचो. आज नाकतोडा धरला. आज साळुंकीनं हाकललं, पण परत येऊन बसले. आज दोनदाच वाकले, जज्ज रजेवर असेल. तू हसायचास, हसताना खोकायचास, मग शबाना फोन काढून घ्यायची. इथं बांध पाटासारखा सपाट. लिंबावर कावळे. शबाना मागून म्हणायची, काका व्हिडिओ कॉल करा ना, दाखवा अब्बांना. तूच म्हणायचास, नको, राहू दे, ह्याच्या तोंडून ऐकू दे. मला वाटायचं, वाचलो.

लातूरला येऊन जा, असं तू चारदा म्हणालास. बसला काही तोटा नव्हता. पण फोनवर जमत होतं ते तुझ्या डोळ्यांपुढं जमलं नसतं. सोयाबीनची रास आहे, मजूर मिळत नाहीत, असं काहीबाही सांगत राहिलो. एका थापेपायी मी तुझं तोंड बघायला आलो नाही, महेबूब. हे माझ्या जन्माला पुरेल.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी मला राहवेना. संतोषचा फोन घेतला आणि किल्ल्यात गेलो. म्हटलं, तिथं दगडांना काय तोटा. एक तरी सापडेल, त्याचा व्हिडिओ काढू आणि तुला पाठवू, म्हणजे निदान डोळ्यांनी बघशील. खंदकाच्या आतल्या बाजूला, पडक्या भिंतीवर खरंच होते. दोन नर आणि एक मातकट रंगाची मादी. काळा कोट, विटकरी पोट, तेच वाकणं, तीच थरथर. एक तर माझ्यापासून दहा पावलांवर येऊन बसला. फोन समोर धरून मी त्याचा चांगला व्हिडिओ काढला. काढून झाल्यावर तिथंच पायरीवर बसून परत बघितला आणि माझ्या तोंडून निघून गेलं, हा आपला नव्हे.

आजूबाजूला कुणी नव्हतं म्हणून बरं. सोळा वर्षं मी कशावरून भांडत होतो? सगळे सारखेच म्हणणारा मी, आणि मीच म्हणतोय की हा आपला नव्हे. ह्याला वाकताना घाई होती. हा भिंतीकडं तोंड करून बसला होता. आपला कसा वाकतो, कसा बसतो, हे मला इतकं पाठ होतं आणि मलाच माहीत नव्हतं. केस तू जिंकलास, तिथं त्या पायरीवर. व्हिडिओ पुसून टाकला आणि ठरवलं की आज संध्याकाळी सगळं सांगायचं. ढिगाचंही, केसचंही. तू हरवलंस मला, हे ऐकून तुला किती आनंद झाला असता. पण ते सांगायचं तर ढिगाचं आधी सांगायला लागणार होतं.

संध्याकाळी फोन लावला. गोठ्याच्या दारात उभा होतो. तू विचारलंस, वकीलसाहेब आले का? मी तोंड उघडलं आणि सवयीनं म्हणालो, आले की. तू म्हणालास, बरं, चल, जेव आता. दुसऱ्या दिवशी उजाडताच शबानाचा फोन आला.

तिसऱ्या दिवशी जियारतीला तुझ्या इथल्या घरी आलो. माणसं पांगल्यावर शबानानं मला आत बोलावलं. डोळे सुजलेले, तरी मला पाणी दिलं, बसायला दिलं. मग म्हणाली, "काका, अब्बांना ठाऊक होतं."

मी विचारलं, काय ठाऊक होतं?

"ढीग काढला ते. आषाढात येताना खळ्यापाशी त्यांनी गाडी थांबवली. बघितलं आणि चल म्हणाले. मग मी एकदा विचारलं, रोज काकांना कशाला विचारता, ते खोटं सांगून राहिलेत. तर म्हणाले, दिग्याला खरं बोलायला वेळ लागतो. तवर फोन तर करतो ना."

म्हणून सांगतो, तू मला फसवलंस. अरे, एकदा तरी शिव्या द्यायच्या होत्यास. हरामखोरा, ढीग कुठं गेला, असं नुसतं विचारलं असतंस तर मी तिथंच रडलो असतो आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या बसनं लातूरला आलो असतो. तू संक्रांतीसारखं दारात उभा राहून विचारत राहिलास आणि मी तिळगूळ खाऊन गप्प. महिनाभर तू दार उघडं ठेवलंस. तुझ्यावर राग येतो आणि त्या रागाचं काय करावं ते कळत नाही, कारण असला राग ऐकून घेणारा माणूस तूच होतास. घरी सांगितलं तर तुझी वहिनी नुसती पदरानं डोळे पुसते. संतोष म्हणतो, जाऊ द्या अण्णा. टपरीवर कुणाला सांगू, की एका पाखरापायी मी माझ्या जिवाच्या माणसाला शेवटचं भेटलो नाही?

जियारतीवरून आलो तो सरळ गोठ्यात गेलो. तो चीर गेलेला दगड शोधायचा होता. गोठ्याच्या पायात गाडला गेला असेल असं धरूनच चाललो होतो. आत पाय ठेवला आणि खाली बघितलं. गवंड्यानं तोच दगड दाराची पायरी म्हणून बसवलाय. पसरट होता ना, सोयीचा. सहा महिने मी रोज दोनदा त्याच्यावर पाय देऊन धारा काढायला जात होतो. तुझ्याशी ते सगळं खोटं बोललो, तेही त्याच्यावरच उभा राहून.

पहारीनं तो उपसला. संतोष काही न विचारता दुसऱ्या बाजूला लागला. बैलगाडीत घालून बांधावर नेला आणि होता तिथं ठेवला, तोंड लिंबाकडं करून. तेव्हापासून रोज सकाळी रानातले दगड वेचून त्याच्या भोवती टाकतोय. सहा दिवसांत गुडघ्याएवढा ढीग झालाय. आमच्या रानात दगडांचा दुष्काळ पडायचा नाही, तेवढं एक बरं आहे. येणारे-जाणारे मोटारसायकल थांबवून बघतात. म्हातारं चळलं म्हणत असतील.

माझ्या गादीला डाव्या अंगाला गाठी झाल्यात. तू पिंजलेली ती शेवटची. मोकळी करून देतो म्हणाला होतास, मग तुझी छाती आडवी आली. ती आता कुणाकडं देणार नाही. जागा पडलीय तर पडू दे.

मला माहीत आहे, ढीग रचला म्हणून पाखरू येत नसतं. आलं तरी तेच आहे की दुसरं, हे सांगणारा तू नाहीस, आणि तेच आहे हे मी आता मान्य केलेलं ऐकायलाही तू नाहीस. केस संपली, महेबूब. निकाल तुझ्या बाजूनं लागला आणि कोर्टात मी एकटा बसलोय.

आज धारा काढायच्या वेळेला फोन हातात घेऊन बांधावर बसलो होतो. तुझा नंबर अजून तसाच वर आहे. लावला नाही. शबानाच्या जिवाला कशाला उगीच. लिंबाची सावली पार रस्त्यापर्यंत गेली होती, दगड ऊन खाऊन गरम झाले होते आणि त्यांच्यावर कुणी नव्हतं. मग मीच मोठ्यानं विचारलं, तू विचारायचास तसंच, वकीलसाहेब आले का? आणि ह्या वेळेला जीभ टाळूला चिकटली नाही.

न्हाई आले, महेबूब. ढीग मी काढला.